दत्तू भावजींची ड्युटी

माझे धाकटे दीर दत्तू भावजी रोज सकाळी खाकी सदरा घालून, गळ्यात शिट्टी अडकवून रेल्वेच्या फाटकावर ड्युटीला जातात. फाटक आता तिथे नाही. ते काढून खालून भुयारी रस्ता केला त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि भावजी त्याच्याही आधी रिटायर झाले. हे ज्यांनी ज्यांनी त्यांना समजावून सांगितलं, त्यांना एकच उत्तर मिळालं, "फाटक गेलं. लाईन हाय ना?"

आमचं गाव पूर्णा जंक्शनच्या अलीकडे. घरात आम्ही दोघंच. माझा नवरा गेला, भावजींची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली, माझ्या मुली सासरी. एका घरात राहतो, एका चुलीवरचं खातो. मी चौथी शिकले, भावजी सातवी. तेवढा फरक ते अजून विसरलेले नाहीत.

त्यांचं बोलणं सगळं रेल्वेचं. जेवायच्या आधी "लाईन किलेर?" असं विचारणार. भाकरी करपली की "सिग्नल तोडला वैनी तुमी." शेजारच्या सुनेचे दिवस भरून वर गेले तेव्हा तिच्या सासूला म्हणाले, "गाडी आउटरला थांबलीय, घाबरू नका." वरून रेल्वे जायची वेळ झाली की भुयाराच्या तोंडाशी उभे राहून खालच्या मोटारसायकली थांबवतात. एकदा वरात अडवली. वर मालगाडी, खाली घोड्यावर नवरदेव. नवरदेवाचा मामा ओरडला, "बुवा, गाडी वरून चाललीय, आमी खालून जायलोत. तिचा आन् आमचा संबंध काय?" भावजी म्हणाले, "रूल म्हंजी रूल." मालगाडी लांबलचक निघाली आणि मुहूर्त टळला. त्या घरचं बोलावणं आम्हाला पुन्हा आलं नाही.

पावसाळ्यात मात्र थोडा उपयोग होतो. ती जागा सखल आहे, खाली पाणी भरतं आणि किती भरलं ते वरून कळत नाही. भावजी लाल झेंडी धरून शाळेच्या पोरांना परत पाठवतात. एवढं सोडलं तर त्यांच्या उभं राहण्याचा कुणाला फायदा नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

अशा घराचा नंबर सरकारच्या पाहणीत लागला.

उन्हाळ्यात स्कूटीवर एक मॅडम आल्या. हातात पाटीएवढा टॅब. म्हणाल्या, देशात कोण काय काम करतं याची पाहणी चालली आहे, गावातली थोडी घरं निवडली त्यात तुमचं आलं. दर तीन महिन्यांनी येणार, चार वेळा, याच घरी, आणि असेच प्रश्न विचारणार. गल्लीत लगेच बोलणं सुरू झालं की आता यांचं रेशन तुटणार. भावजींना तसली भीती नाही. त्यांनी ते इन्स्पेक्शन समजून घेतलं. सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि ताठ उभे राहिले.

"काका, मागच्या आठवड्यात काय काम केलं?"

"ड्युटी."

"कुठं?"

"गेटवर."

"पगार किती मिळतो?"

"पगार न्हाई, पेन्शन हाय."

"मग काका, तुम्ही पेन्शनवर. काम करत नाही."

"करत न्हाई कसं? पानी भरल्यावर पोरं कोन अडवतं? तुमी अडवताव का?"

"ते समाजकार्य झालं. चांगलं आहे. पण या पाहणीत ते काम धरत नाहीत."

भावजींचा चेहरा उतरला. साहेबानं गेटवर झोपलेलं पकडावं तसा. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? घरीच असते."

"जनावरं वगैरे काही…" असं त्या विचारत होत्या, पण भावजी मध्येच उसळले. "वैनीचं ऱ्हाऊ द्या हो. त्या घरीच असतात, त्यांनी सांगितलं ना. माझं पुन्हा बगा. मी बसून खानारा मानूस न्हाई." त्यांची समजूत घालता घालता मॅडमच्या घशाला कोरड पडली. माझ्यापुढे 'घरकाम' लिहिलं गेलं. मी उठून शेळ्यांना पाणी दाखवायला गेले.

त्या दिवसापासून भावजींना दुसरा ध्यास नाही. सरकारच्या टॅबात आपण 'कामावर' असं आलं पाहिजे. रात्रंदिवस तेच. मी म्हटलं, "लिहून काय पुन्हा नोकरी लागणार हाय का?" तर म्हणाले, "इज्जतीचा सवाल हाय वैनी. तुमाला न्हाई कळायचं." चौथी आणि सातवीतला फरक.

श्रावणात मॅडम पुन्हा आल्या. भावजी तयारीत होते. भुयाराजवळ गफूरभाईचं चहाचं हॉटेल आहे. भावजींनी त्याच्या दारातलं पाणी काढायला सुरुवात केली होती आणि गफूरभाई त्यांना रोज चहा देत होता.

"चहा म्हंजी मजुरीच झाली की," भावजी म्हणाले. "पैशात न्हाई, वस्तूत."

मॅडमनी मान हलवली. वस्तूत दिलेली मजुरीही चालते म्हणाल्या. भावजी खुलले. मग मॅडमनी विचारलं, "काका, पाणी काढलं नाही, तर चहा मिळत नाही का?"

आता इथे "न्हाई मिळत" म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण साहेबासमोर खोटं बोललं तर चार्जशीट मिळते, हे भावजींच्या अंगात मुरलेलं. ते पायाकडे बघत म्हणाले, "मिळतो. गफूर मला आधीपास्नं फुकट पाजतो."

पुन्हा पेन्शनवर. माझं पुन्हा घरकाम.

मॅडम स्कूटी चालू करत असताना भावजी मागे धावले. "मॅडम, मंग काम म्हंजी धरता तरी काय काय?" त्या बिचारीनं सांगितलं, शेती, दुकान, मजुरी, शिवणकाम, शेळ्या पाळून दूध विकणं, बोकड विकणं. भावजींनी त्यातलं शेळ्यांचं तेवढं धरलं. मला ते तेव्हा कळलं नाही.

शेळ्या माझ्या आहेत. तीन. सकाळी दूध काढून गफूरभाईकडे घालते, दिवसभर बांधाबांधानं चारते, वर्षाला एखादं बोकड विकते. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. बाईमाणसाच्या घरी शेळी असतेच.

दिवाळीनंतर मॅडम आल्या तेव्हा मी मागच्या दारी पाला तोडत होते. पुढे आले तर भावजी माझ्या शेळ्यांच्या मधोमध बसलेले, हातात माझी काठी. खाकी सदरा नाही, साधी बंडी.

"शेळ्या कोण राखतं?" मॅडमनी विचारलं.

"मीच. मीच राखतो, मीच दूध काढतो."

तेवढ्यात एका शेळीनं त्यांच्या बंडीचा कोपरा तोंडात धरला. भावजींनी तिला "सरक माघं" म्हणून हाकललं, तर तिन्ही उठून माझ्याकडे आल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसून शेळ्यांपुढे पाला टाकायला लागले. माझ्या पाल्याला त्या लिहिण्यानं काय फरक पडणार होता? मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. दत्तू भावजी कामावर. स्वतःचा धंदा.

त्या संध्याकाळी भावजींनी गावात पेढे वाटले. मलाही एक दिला. मी खाल्ला. पेढा चांगला होता.

मग थंडीत मला ताप आला. पूर्णेच्या डॉक्टरनं सुई दिली, सलाईन लावलं, तरी उतरेना. मी आडवी, आणि शेळ्या दावणीला ओरडायला लागल्या. आता धंदेवाल्या माणसालाच उठणं भाग होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवून शेळ्या हाकल्या. शेळ्या बुजून एकाच्या हरभऱ्यात शिरल्या आणि तो दारात येऊन ज्या शिव्या देऊन गेला, त्या मला तापातही स्पष्ट ऐकू आल्या. दूध तर निघेचना. शेळीला माझा हात माहीत. परका माणूस बसला की ती पान्हा चोरते, लाथ मारते. गफूरभाईचा निरोप आला, "दत्तूमियाँ, चाय काळीच पिलवू का गिऱ्हाइकास्नी?" भावजी माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. "वैनी, तुमी काय करताव तिला?" मी म्हटलं, "काही करत न्हाई. बसते आन् काढते." त्याहून जास्त बोलायची ताकद नव्हती.

शेवटी त्यांनी त्यांच्या डोक्यानं मार्ग काढला. माझं वापरातलं लुगडं डोक्यावरून घेऊन बसले. लुगड्याला माझा वास, शेळी गप्प उभी राहिली. तेव्हापासून रोज तसंच.

मॅडम चौथ्यांदा आल्या त्या नेमक्या दूध काढायच्या वेळेला. ताप उतरला होता, पण मी अजून ओसरीवर खाटेलाच होते. मॅडमनी अंगणाच्या दारातून बघितलं तर खाकी विजार, मिशा, आणि डोक्यावरून हिरवं लुगडं. त्यांनी हसू दाबलं. भावजी मात्र हसले नाहीत. तांब्या खाली ठेवून तसेच लुगड्यासकट उठले.

"मॅडम, मागल्या टायमाला मी खोटं सांगितलं. शेळ्या वैनीच्या हायत. माझं नाव खोडा, त्यांचं घाला."

"काका, मागचं गेलं वर. ते आता खोडता येत नाही. मागच्या आठवड्याचं सांगा. शेळ्या कुणी राखल्या?"

भावजींनी डोक्यावरचं लुगडं जरा मागं सारलं.

"काका?"

"मी."

"दूध कुणी काढलं?"

"मी. पन वैनी आजारी हायत म्हून."

"मग मागच्या आठवड्यात तुम्हीच कामावर."

वर्षभर ज्याच्यासाठी धडपडले ते पदरात पडलं, तर भावजी चिडले. "मला नगं! मी कामावर आन् त्या घरीच, हे कुठलं रूल? किती वर्सं झाली, अंधारात उठायल्यात. मी ड्युटीला निघायच्या आधी त्यांची अर्धी ड्युटी झालेली ऱ्हाते. मी रोज बगतो आन् मला दिसलं न्हाई."

मी म्हटलं, "भावजी, ओरडू नका. डोकं दुखतंय."

मॅडमनी जरा विचार केला. म्हणाल्या, "आजींचं काम आहे, पण आजारी असल्यामुळं आठवडाभर केलं नाही, असं लिहिता येतं. म्हणजे त्याही कामावरच."

"म्हंजी सिकवर?"

"हो, तसंच."

"लिहा. आधी ते लिहा." मग माझ्याकडे वळून, गावाला ऐकू जाईल एवढ्यानं, "वैनी, तुमी सिकवर हाव!"

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण मॅडमनी या वेळी माझ्यापुढे 'घरकाम' न लिहिता दुसरं लिहिलं, ते मी बघितलं.

"काका, तुम्ही शेळ्यांकडं दिवसाला किती वेळ होता?"

"मोजला न्हाई. सकाळपास्नं हितंच." भावजींचा आवाज खाली आला. "ताप उतरत न्हवता. घरात कुनी बोलायला न्हवतं. गेटवर जायचं म्हटलं तर, घरी आल्यावर वैनींनी आवाज न्हाई दिला तर काय, असं वाटायचं. म्हून शेळ्यांपाशी बसून ऱ्हायलो. हितून खाट दिसते."

मॅडमनी ते काही लिहिलं नाही. तसा रकानाच नसेल. मी तोंड भिंतीकडे केलं, उजेड डोळ्यांवर येत होता.

"शेवटचं एक," मॅडम म्हणाल्या. "या धंद्यात मालक कोण आणि मदतनीस कोण?"

सगळ्या नोकरीत भावजी कुणाच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहिले नाहीत. फाटकावर ते एकटे, त्यांचं राज्य. वरातीला न हटणारा माणूस.

"मदतनीस मी," ते म्हणाले. "मालकीण त्या."

मॅडमनी टॅब पिशवीत घातला. आता पुन्हा येणार नाही म्हणाल्या, चार खेपा झाल्या. भावजींनी मान हलवली आणि माझ्या खाटेसमोर येऊन उभे राहिले, काही हुकूम मिळतोय का या बेतानं.

मी म्हटलं, "मॅडमला पाणी द्या प्यायला."

ते आत गेले आणि दोन पेले घेऊन आले. एक मॅडमला दिला, एक माझ्या हातात. मला तहान नव्हती. तरी प्यायले.