गुडघ्यांसाठी नऊ सेंटिमीटर

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं ज्याने कुणी सांगून ठेवलंय, त्याने स्नेकजवळच्या गावातला वीब्रेन पाहिला नसणार. दोन मीटर चार सेंटिमीटर! आमच्या फ्रीसलंड प्रांतात उंच माणसांची वानवा नाही, पण वीब्रेन दारातून आत आला की डोक्याआधी नमस्कारच येतो. बिचारा नम्र नाही, वाकलेला असतो.

तर या वीब्रेनने फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॉफी पिताना जाहीर केलं, "मे महिन्यात आपल्या निन्केला तिच्या लग्नाला मीच घेऊन जाणार. तुझ्या तांबड्या गाडीतून!"

त्याची बायको रिक्स्ट हिने बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं. एका कॉफीला एक बिस्किट, हा त्या घरचा कायदा.

"त्या गाडीत तू मावत नाहीस," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांत एकदाही मावला नाहीस. मी चालवू का?"

प्रश्न रास्त होता. गाडी रिक्स्टचीच, लग्नाआधीची. दोन माणसांची, उघड्या टपाची, इतकी बुटकी की कुंपणापलीकडून दिसायची नाही. रिक्स्ट एक मीटर एकोणसाठ, तिला ती अंगावर बेतून शिवल्यासारखी बसायची. वीब्रेन बसला की त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे आणि वळताना डावा गुडघा हॉर्न वाजवायचा.

पण निन्के सहा वर्षांची असताना त्याच गाडीत बसून म्हणाली होती, "बाबा, तू का नाही चालवत?" आणि हा पठ्ठ्या बोलून गेला होता, "तुझ्या लग्नाला चालवीन की!" म्हातारपणी माणूस आक्रसतो असं त्याने ऐकलं होतं. पंचवीस वर्षं वाट पाहिली. आक्रसले ते फक्त केस. आता पोरीचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं आणि दिलेला शब्द त्याला घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा टोचत होता. लग्न लागायचं त्या नगरपालिकेच्या दाराशी जावयाला म्हणायचं वाक्यसुद्धा त्याने तयार केलं होतं, "आणली आहे. नीट सांभाळ." दाढी करताना तो ते आरशाला म्हणून पाहायचा.

"निन्केला यातलं काही सांगायचं नाही," त्याने बजावलं. "तिला धक्का द्यायचाय."

"धक्का बसेल," रिक्स्ट म्हणाली.

मदतीला शेजारचा डाऊवे आला. डाऊवेची हयात होड्या बांधण्यात गेलेली. "अरे, मी नऊ मीटरच्या होडीत सहा माणसं झोपवतो," तो म्हणाला, "तुझे दोन पाय काय घेऊन बसलास!"

पहिल्या शनिवारी दोघांनी चालकाच्या, म्हणजे आमच्याकडे डावीकडच्या, आसनातला फोम कापून काढला. वीब्रेन खाली गेला, गुडघे स्टिअरिंगखाली गेले, सगळं झकास! फक्त वीब्रेनही काचेखाली गेला. शेजारी रिक्स्टला बसवून तो गावातून फेरी मारून आला, तेव्हा बेकरीवालीचा फोन.

"रिक्स्ट, तुझी गाडी आता आपली आपण चालते का गं? नवं काही निघालंय वाटतं!"

"का?"

"तू उजव्या बाजूला गोळ्या चघळत बसली होतीस आणि डावीकडे कुणीच नव्हतं! पुलापाशी आमच्या म्हातारीने रस्ता सोडला, ती थेट गवतात!"

अर्धा फोम परत भरावा लागला. आता आसन मागे सरकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण मागे राखीव चाक आडवं आलेलं.

"चाक रिक्स्टच्या आसनामागे टाकू," डाऊवे म्हणाला. "तिचं आसन थोडं पुढे घ्यावं लागेल."

"माझं काय जातंय?" रिक्स्ट म्हणाली. "माझे पाय तसेही टोकाला पोचत नाहीत. पण मी चालवू का?"

"नाही!"

वीब्रेनला नऊ सेंटिमीटर मिळाले. त्या चाकाखाली डाऊवेने फळी ठोकली, फळीला गोंद, गोंदावर आठ बोल्ट. "समुद्रात बुडाली तरी हे हलायचं नाही," तो अभिमानाने म्हणाला. राहता राहिले बूट. एकोणपन्नास नंबरचा बूट एका दमात ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबायचा. त्यावर उपाय सोपा निघाला, वीब्रेन मोजे घालून गाडी चालवू लागला.

त्यानंतर दर रविवारी रिक्स्टला शेजारी बसवून सराव. ती पाय लांब करून ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या चघळत बसायची आणि वीब्रेन कालव्याच्या कडेने शीळ घालत जायचा. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट त्याच्या मापाची झाली होती. खरंच सांगतो, एवढा सुखी माणूस त्या वसंतात पंचक्रोशीत नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला. ऊन पडलं होतं, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. निन्के आदल्या रात्रीच ग्रोनिंगनहून आली होती. ती पांढऱ्या पोशाखात बाहेर आली आणि समोर पुसून लख्ख केलेली तांबडी गाडी, स्टिअरिंगमागे बाप, गुडघे खाली, डोळे काचेच्या वर!

"बाबा! तू मावलास!"

"दिलेला शब्द म्हणजे शब्द. बस."

निन्केने दार उघडलं. एक पाय आत घातला. काढला. दुसरा घालून पाहिला. मग पाठमोरी होऊन आधी बसायचा प्रयत्न केला.

आता वाचकहो, एक गोष्ट सांगायची राहिली. निन्के बापावर गेली आहे. एक मीटर एक्क्याण्णव. त्या घरात उंची कुणी लक्षात ठेवत नाही. लक्षात राहते ती फक्त रिक्स्टची.

"आसन मागे घे ना," निन्के म्हणाली.

वीब्रेनने डाऊवेकडे पाहिलं. डाऊवेने आठ बोल्टांकडे पाहिलं.

"दुपारपर्यंत निघेल," तो पुटपुटला. अकराला लग्न होतं आणि सव्वादहा वाजले होते.

"मी चाल..." रिक्स्टने सुरुवात केली आणि थांबली. कारण आता कुणीही चालवली तरी शेजारी नवरी मावत नव्हती!

वीब्रेन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. तीन महिने त्याने स्वतःच्या गुडघ्यांचा विचार केला होता, आणि जिच्यासाठी केला तिच्या गुडघ्यांचा एकदाही केला नव्हता. त्याला रडू आलं. "डाऊवेच्या व्हॅनमधून जा, पोरी," तो म्हणाला.

निन्केने क्षणभर बापाकडे पाहिलं. मग सपाता काढल्या, पोशाख गुडघ्यापर्यंत ओढला आणि म्हणाली, "ऊठ. किल्ली दे. तू तिकडे बस."

"तुझ्याहून उंच आहे मी!"

"नवरीची घडी घालता येत नाही, बाबा. तुझी येते."

डाऊवे आणि रिक्स्टने मिळून घातली. गुडघे कानांशी, फुलांचा गुच्छ हनुवटीखाली, बूट मागच्या डिकीत. निन्के मात्र नऊ सेंटिमीटर जास्तीच्या जागेत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "काय सुरेख केलंयस रे हे!"

वाटेत कालव्यावरचा उचलता पूल उघडलेला, खालून एक शिडाची होडी निघालेली. दोघं थांबली.

"मी तुला न्यायचं ठरलं होतं," वीब्रेन गुच्छातून म्हणाला.

"आपण दोघांनी जायचं ठरलं होतं. जातोय की."

नगरपालिकेपाशी ताइस, म्हणजे नवरा मुलगा, पायऱ्या उतरून आला. नवरी उजवीकडे बसते हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने आत न बघताच मोठ्या डौलाने दार उघडलं, मान लववली आणि हात पुढे केला. हातात आला एकोणपन्नास नंबरचा पाय, हिरव्या मोज्यातला!

वीब्रेनने तीन महिने घोकलेलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला, पण तोंडात पाकळ्या होत्या. तेवढ्यात पलीकडून निन्के अनवाणी उतरली आणि तिथूनच ओरडली, "ताइस! आणलाय! नीट सांभाळ, दोन्ही पायांना मुंग्या आल्यात!"