रेड्यांचं पुढं काय झालं?

प्रवचनाच्या तिसऱ्या दिवशी मंदिर कमिटीतर्फे महाराजांची ओळख करून देताना मी जरा वाहवत गेलो आणि भीमानं बकासुराला गदेनं मारलं, असं सांगून टाकलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "महाराज काल बुक्क्या म्हनले. मी घरी बुक्क्याच सांगून बसलो. आता गदा कुठून आनली?"

हे देवरावभाऊ. ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, आता निवृत्त. आर्वीत आमच्या गल्लीतल्या मंदिरात प्रवचन कोणाचंही असो, आदल्या दिवशीच्या कथेवर हे दुसऱ्या दिवशी उभे राहतात. शंका साध्या असतात. मगरीनं धरलेला गजेंद्राचा पाय देवानं सोडवला, बरंच झालं, पण "पट्टी कोनी केली?" मारुतीनं अख्खा डोंगर उचलला, "तं वर चरून राह्यलेल्या ढोरांचं काय?" उत्तर मिळालं तरी बसत नाहीत. "मंग पुढं?" म्हणतात. मागचे महाराज सप्ताह पाचव्या दिवशीच आटोपून गेले.

बकासुर केळझरचा, असं आमच्या जिल्ह्यात सगळेच मानतात. त्यामुळे हे प्रकरण देवरावभाऊंनी घरचं समजून हाती घेतलं. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस, असा गावानं पाळीपाळीनं घालायचा रतीब. भात भीमानं खाल्ला. माणसाच्या जागी भीमच गेला होता, तो परत आला.

"मंग रेडे?"

"कथेचं तात्पर्य पाहा," महाराज म्हणाले.

"पाह्यलं जी. त्यात रेडे दिसले नाई."

महाराजांनी पोथी मिटली. उद्या हे गृहस्थ असतील तर मी नसेन, म्हणाले.

कमिटीनं ठरवलं, देवरावभाऊंना 'येऊ नका' म्हणून सांगायचं. माझी अब्रू गदेपायी गेलीच होती, म्हणून निरोप माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. देवरावभाऊ बाजेवरच्या बायकोला चमच्यानं चहा पाजत होते. त्या आजारी आहेत एवढं ठाऊक होतं. दोन वर्षं उठल्याच नाहीत, हे ठाऊक नव्हतं. मी चार घरं सोडून राहतो.

"मंदिरातले भाऊ आले," देवरावभाऊंनी त्यांना सांगितलं.

"बरं झालं. याईले धड काई सांगता येत नाई. रेड्यांचं काय झालं, भाऊ?"

देवरावभाऊ कपात पाहत म्हणाले, "प्रश्न हिचेच असतात. मले कुठले सुचतात! कथा ऐकून आलो का दिवसभर बोलते. नाई तं भिंतीकडं तोंड करून पडते."

निरोप मी तसाच ठेवला. मी म्हणालो, "रेडे गावानं सोडून दिले. म्हातारे होऊन मेले."

"कोनाच्या गोठ्यात?" बाईंनी विचारलं.

घरी येऊन बायकोला सारं सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "देवरावभाऊले गुपचूप बसून ऐकू द्या. बाईचे प्रश्न आजपासून तुमी इचारा. कमिटीतल्या मानसाले कोन हाकलते?"