कर्सरच्या एकशे आठ प्रदक्षिणा

नलिनीबाईंच्या संगणकावरचा कर्सर मंगळवारी दुपारी तीन वाजता प्रदक्षिणेला लागला. ‘अर्ज पाठवा’ या बटणाभोवती तो उजवीकडून, सावकाश, मिनिटाला एक फेरी घालत होता. बटणाला मात्र शिवत नव्हता.

चूक नलिनीबाईंचीच. मुलगी ऋजुता ऑकलंडमध्ये, दिवस भरत आलेले, आणि तिच्याकडे जायच्या व्हिसाच्या अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. अर्ज सुखरूप जावा म्हणून त्यांनी आधी एकशे आठ प्रदक्षिणांचा संकल्प सोडला. पण घाईत उजव्या हातात माऊस तसाच राहिला आणि पळीभर पाणी त्याच्यावरच पडलं. तशा त्यांच्या नावावर आधीच चार व्रतं चालू होती. त्यातलं एक कशासाठी धरलं होतं तेच त्या विसरल्या होत्या, त्यामुळे ते सोडताही येत नव्हतं.

शेजारचे खांबेटे आले. त्यांनीच या जुन्या संगणकात लिनक्स घालून दिलं होतं.

“माऊस वाळवलात?”

“वाळवला. दुसराही लावला. तोही फिरतोच आहे.”

खांबेट्यांनी माऊस धरून जोरात ओढला. कर्सर थबकला, बटणासमोर आला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

“अहो भाऊजी, पासष्ट झाल्या होत्या!”

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती; नव्याने एकशे आठ म्हणजे पाच उलटून जाणार होते. खांबेटे ओशाळले. मग त्यांनी माऊसला हात न लावता टॅब आणि एन्टर दाबून पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली : ‘प्रदक्षिणा चालू आहेत. कृपया मधून जाऊ नये.’

“बरोबर आहे त्याचं,” नलिनीबाई म्हणाल्या.

खांबेट्यांनी टर्मिनलची काळी खिडकी उघडली. तिथे नोंद होती : ‘संकल्प : नलिनी ओक. फेरी सातवी.’

“वहिनी, एक आज्ञा दिली की मरतो हा. नवा कर्सर येईल, त्याला व्रतबीत काही नाही. मारू?”

सकाळीच ऋजुता फोनवर म्हणाली होती, “आई, तू असशील ना गं?” नलिनीबाईंना मोह झाला, नाही असं नाही. खांबेट्यांचं बोट एन्टरवर होतं.

“नको. व्रतात आहे बिचारा. आणि संकल्प माझा. माझ्या फेऱ्या चालतात का विचारा.”

खांबेट्यांनी टाइप केलं. उत्तर आलं : ‘चालतील. अनवाणी.’

भिंतीला लागलेलं टेबल दोघांनी ओढून मधोमध आणलं. खांबेटे वायरी उंच धरून उभे राहिले आणि नलिनीबाई खालून वाकून जाऊ लागल्या. आयुष्यभर देवाला प्रदक्षिणा कबूल करताना त्यांनी गुडघ्यांना कधी विचारलं नव्हतं. आज गुडघे दर फेरीला विचारत होते.

“वहिनी, पुढच्या वेळी अकराच बोला!”

“गप्प बसा हो, मोजणी चुकेल.”

“मोजतोय तो. तुम्ही चाला.”

पाचला चार मिनिटं कमी असताना टर्मिनलमध्ये हिशेब उमटला : कर्सर एक्कावन्न, नलिनीबाई सत्तावन्न. कर्सर बटणासमोर थांबला, जरा खाली झुकला आणि बटण दाबलं गेलं. ‘अर्ज मिळाला.’

नलिनीबाई खुर्चीत बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि ऋजुताला फोन लावला. “येतेय गं,” एवढंच त्यांना बोलता आलं.

खांबेट्यांनी माऊस हलवून पाहिला. कर्सर जागचा हलेना.

“वहिनी, आता अडकला वाटतं.”

“अडकेल कशाला? दुपारपासून उपाशी आहे तो,” नलिनीबाई म्हणाल्या आणि दोन वाट्यांत शिरा घालायला आत गेल्या.