शमुवेल मास्तरांचं ओढघर

माझे सासरे वारले तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत खाटेवर ठेवलं होतं. पाळकसाहेब प्रार्थना करत होते, बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते, आणि शेजारचे शमुवेल मास्तर एकाएकी गुडघ्यांवर बसले. सगळ्यांना वाटलं, मास्तरांना दुःख आवरेना. मास्तरांनी कोटाच्या खिशातून लाकडाची पाचर काढली, खाटेच्या एका पायाखाली सारली, खाट हलवून बघितली आणि उठून पुन्हा हात जोडून उभे राहिले.

"डुगडुगत होती," नंतर ते मला हळूच म्हणाले. "जिवंत असता तर त्यानंच सांगितलं असतं."

मास्तर मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. नगरपासून नेवाशापर्यंत कितीतरी खेड्यांतल्या शाळांची बाकं त्यांच्या हातची होती. कुठंही गेले की ते आधी खुर्ची हलवून बघत, मग बसत. लग्नाच्या मांडवात नवरानवरीला उठवून त्यांनी पाटाखाली पाचर घातलेली मी स्वतः पाहिली आहे. "आधी बुड, मग बाकीचं," एवढंच बोलायचे. एरवी फारसं बोलणं नाही. बायको सलोमीबाई वारून नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शाळेनं दिलेल्या खोलीत एकटे राहायचे. मी कालवण पाठवलं की वाटी धुऊन, पुसून, कट्ट्यावर ठेवून जायचे. दार वाजवायचे नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर निवृत्त झाले आणि खोली सोडायची वेळ आली. बेलापूरच्या पुतण्यानं आग्रहानं बोलावलं. मास्तर ट्रंक घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी ट्रंक घेऊन परत आले. शाळेनं आणखी दोन-तीन महिने खोलीत राहू दिलं.

"काय झालं मास्तर? जमलं नाही का?"

"माणसं लई चांगली हायत, सूनबाई. पण मला कुठं बसवावं, ह्याचा त्यांना रोज सकाळी विचार करावा लागतो."

मग त्यांनी ठरवलं की घर चाकांवरच करायचं. गावोगाव फिरायचं, आपल्या हातची बाकं दुरुस्त करायची, जिथं काम तिथं मुक्काम. आम्हाला वाटलं, एकटेपणानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तेव्हा भिंगारच्या छावणीतून लढाईतलं सामान विक्रीला निघालं होतं, आणि आमच्या ह्यांच्या ओळखीच्या एका ठेकेदारानं दोन अजब वस्तू घेऊन ठेवल्या होत्या. एक होती आजारी शिपाई न्यायची बंद लॉरी. आत झोपायला फळी, भिंतीला कपाट. दुसरी होती चाकांवरची नुसती लाकडी खोली. दार, दोन खिडक्या, खाली पायरी. इंजिन नाही. ती दुसऱ्या गाडीच्या मागं जोडून ओढायची.

मास्तरांनी पहिलीला नाव दिलं पळघर आणि दुसरीला ओढघर. मग महिनाभर आमच्या ओसरीवर दुसरा विषय नव्हता. फरशीवर खडूनं दोन्हींची चित्रं काढली होती. ती पुसायची मला बंदी होती.

"पळघर बिघडलं तर घर जाणार गॅरेजात, आणि मी रस्त्यावर," मास्तर म्हणायचे.

आमचे हे लढाईत लष्करी लॉरी चालवायचे. ते चिडायचे. "आणि ओढघर मागं घ्यायचं झालं तर? मागं उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायला माणूस लागतो. तुम्ही एकटे! एकट्या माणसानं लॉरीच घ्यावी. पाऊस आला, चोर आला, खाटेवरून उठलं की स्टिअरिंगच्या चाकावर हात. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"खरं हाय," मास्तर म्हणायचे आणि पुन्हा खडू उचलायचे.

शेवटी ह्यांनी त्यांना लॉरी शिकवायला घेतली. साठीला आलेला माणूस, पण हात सुताराचा. पंधरा दिवसांत गाडी सुतासारखी सरळ न्यायला लागले. फक्त कुठंही थांबले की खाली उतरून चारी चाकांना पाचरी लावत, आणि निघताना एखादी काढायची विसरत. लॉरी हिसका देऊन बंद पडली की हे कपाळावर हात मारून घेत. एवढं सोडलं तर आमची खात्री पटली की मास्तर लॉरीच घेणार. ठेकेदारानंही एक दिवस त्यांना ती एकट्यानं राहुरीपर्यंत नेऊन आणू दिली. संध्याकाळी आले, लॉरी जागेवर लावली आणि न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत गलका झाला म्हणून मी बाहेर आले. भाड्याची बैलजोडी ओढघर ओढत आणत होती आणि मास्तर शेजारून चालत होते.

"अहो, आणि ओढायला जीप?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग हे नेणार कोण?"

"बघू की. गावोगाव बैलं हायत, माणसं हायत."

हे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मास्तरांनी पुढचा लोखंडी आकडा काढून बाभळीची लांब दांडी बसवली, जू बांधायची सोय केली, आणि एका सकाळी गेले. मला खरंच रडू आलं. वाटलं, पांढरीच्या पुलापर्यंत जातील आणि कुठंतरी रस्त्याच्या कडेला एकटे बसून राहतील.

पाचसहा महिन्यांनी मी माहेरी गेले. सोनईजवळचं लहानसं गाव आमचं. बघते तर शाळेसमोर ओढघर उभं! भाऊ म्हणाला, मास्तर आठ दिवस झाले इथं आहेत. शाळेची बाकं झाली, मग कुणाचा पाळणा, कुणाची दाराची चौकट. एका गावचं काम झालं की त्या गावची बैलं त्यांना शिवेपर्यंत आणतात, तिथून पुढच्या गावची बैलं नेतात.

मास्तर निघाले त्या दिवशी भावानं ओढघराला आपले बैल जुंपले, आणि मीही पोचवायला शिवेपर्यंत चालत गेले. मास्तर उन्हानं काळे झाले होते. वाटेत मी विचारलं, "मास्तर, खरं सांगा, लॉरी का नाही घेतली? चालवता तर छान येत होती."

ते बैलांच्या पावलांकडे बघत सांगू लागले.

"राहुरीला गेलो होतो ना, त्या दिवशी वाटेत किती गावं लागली. लोक बाजूला झाले. कुणी विचारलं न्हाई, कुठं चाललास. मीपण कुणाला विचारलं न्हाई. संध्याकाळी खोलीत येऊन प्रार्थनेला बसलो, तर तोंडातनं आवाज निघंना. सकाळपासनं एक शब्द बोललो नव्हतो, सूनबाई." मग म्हणाले, "त्या लॉरीला कुणाचीच गरज नव्हती. मला भ्या वाटलं."

तेवढ्यात शीव आली. तिथं पुढच्या गावचा एक शेतकरी बैलजोडी घेऊन उभा होता. माझ्या भावानं बैल सोडलेच नाहीत.

"पाव्हणं, उद्या या," भाऊ म्हणाला. "आमची दोन बाकं राह्यलीत. बोलत बोलत हितवर आलो खरं, पन मास्तरांना माघारी नेतो."

"आसं कसं? सकाळधरनं उभा हाय मी!"

"दोन बाकांचं तर काम," भाऊ बेधडक म्हणाला. शाळेची सगळी बाकं झाली होती, हे मला त्यानंच सांगितलं होतं.

"तुमची दोन बाकं? आमच्या गावची समदी पोरं भुईवर बसत्यात! आन् घरी मालकिनीनं सैपाक करून ठिवलाय, त्यो काय बैलांला घालू?"

आवाज चढले. दोघांनीही ओढघराची दांडी धरली. मी मध्ये पडायला पुढं झाले, तर मास्तरांनी माझं मनगट धरून मला मागं ओढलं.

"गप, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "भांडू दे त्यांना जरा."

आणि ओढघराच्या पायरीवर बसून, हात मांडीवर ठेवून, ते त्या दोघांचं भांडण चर्चमधल्या उपदेशासारखं मन लावून ऐकत राहिले.