मातीला पास-नापास करणारे नाना

आमच्या कसब्यातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर नाना करंबेळकर राहतात. त्यांच्याकडे गेलात तर चपला दाराबाहेर काढू नका, हातात घेऊन आत जा. पाहुण्याचा चेहरा नाना मागाहून बघतात, आधी चपलेचा तळ बघतात. वाघोलीचा त्यांचा भाचेजावई वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आला, तेव्हा नानांनी त्याची चप्पल उलटी केली, सुरीनं चिखल खरवडला आणि पाकिटात भरला. "वा! काय लाल आहे हो!" म्हणाले. मग जावयाला "बसा" म्हणाले.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि मातीत शिरले. माती वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, अंड्याच्या बलकात घोटून फळीवर पट्टा ओढायचा. वाळला की अंगठा फिरवायचा. पूड निघाली तर बलक कमी पडला. चकाकला तर जास्त झाला. मग अर्धा पट्टा काळ्या कागदानं झाकून फळी वर्षभर उन्हात. रंग उडाला की "नापास!" चित्र मात्र त्यांनी आजतागायत एकही काढलेलं नाही. "आधी रंग भरवशाचा पाहिजे, चित्र काय, कोणीही काढतं."

घर पक्कं शाकाहारी. त्यामुळे दुकानात अंडी घेताना नाना दरवेळी जाहीर करतात, "खायला नकोत, घोटायला हवीत." बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर असा अलगद खेळवतात, की आपला श्वास अडकतो. उरलेलं पांढरं माझ्याकडे येतं. नानांच्या संशोधनावर माझी तब्येत उभी आहे.

हात माखलेले, म्हणून फळीमागं रंगाची चिठ्ठी लिहायचं काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे. नाना ओरडणार, "लिही, पिवळट बदामी!" काकू लिहिणार.

एकदा दोन पट्टे दाखवून नाना म्हणाले, "जुळी भावंडं बघा."

"नाना, हा दुसरा चक्क राखाडी आहे."

"चष्मा बदला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बलक वाटीच्या शेजारी ओतला. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळे, ऑपरेशन करा. नाना साफ नाही म्हणाले. भीती ऑपरेशनची नव्हती. ते हळूच मला म्हणाले, "मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसतं म्हणे. म्हणजे पिवळेपणा मातीत होता की माझ्या डोळ्यात? पडदा काढला आणि सगळे निकाल खोटे निघाले तर? मग इतकी वर्षं मी केलं काय?"

आतून काकू म्हणाल्या, "निकाल चुकले तर मी पुन्हा लिहीन. जिन्याची पायरी चुकलात तर काय लिहू?"

नानांनी डॉक्टरांकडून तारीख घेतली. ऑपरेशन झालं.

डोळे निवळले त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. पराभवाला साक्षीदार हवा होता बहुधा. फळ्या खोक्यातून बाहेर आल्या. नाना एकेक पट्टा बघत, फळी उलटून चिठ्ठी वाचत. दहाबारा फळ्या झाल्या आणि ते थबकले.

"अगं, इथं राखाडी लिहिलंय. आणि ते राखाडीच आहे!"

"मग?" काकू मेथी निवडत होत्या.

"मी पिवळट सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. मला राखाडी दिसलं, राखाडी लिहिलं."

"कधीपासून चाललंय हे?"

"झाली असतील तीन वर्षं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"डोळे दाखवा, म्हणून दर सणाला सांगत होते. रंग चुकताहेत असं म्हटलं असतं, तर तुम्ही घोटणंच सोडलं असतं. मग दिवसभर घरात काय केलं असतंत? माझ्या फोडणीला मार्क दिले असते!"

नाना हसले नाहीत. सगळ्या फळ्या त्यांनी पुसून, चिठ्ठ्या जपत, परत खोक्यात ठेवल्या.

परवा मी मांजरी गावाहून उसाच्या बांधावरची काळी माती आणून दिली. नानांनी पट्टा ओढला. काकू सवयीनं पेन उघडून बसल्या. नाना काही सांगेचनात.

"अहो, सांगा ना."

"तुला काय दिसतंय?"

"आता तुम्हाला चांगलं दिसतंय की!"

"दिसतंय. तू सांग."

काकू फळी घेऊन खिडकीशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. नाना ब्रश हातात धरून नुसते उभे.

"जांभूळ पिकायला लागतं ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा देठापाशी असतो, तसा."

"तसंच लिही," नाना म्हणाले.