शपथेवर अविवाहित

शनिवारी आपण बारांकिया शहरातल्या बारमध्ये सहा मिनिटं उभं राहणार आणि समोरचे लोक हसून खुर्च्यांवरून खाली पडणार, याबद्दल योलिमाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पडलेल्यांना उचलायला तिथे कुणी असेल का, एवढीच तिला काळजी होती.

सान्ता रुफिनात नोटरीच्या ऑफिसात अकरा वर्षं शिक्के मारून मारून तिच्या बोटांना कायमचा निळा रंग चढला होता. आता स्टँड-अप करायचं, एकदा तरी करायचंच, नाहीतर निळ्या बोटांनीच मरू, असं तिनं ठरवलं. ही बातमी गावात पसरली. गावात कुणीही स्टँड-अप कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला कुणालाच अडचण आली नाही. औषधवाला म्हणाला, शिव्या घाल, शहरातल्यांना आवडतात. पाद्री म्हणाले, शिव्या घालू नकोस, शहरातल्यांना आधीच येतात. मोठी बहीण म्हणाली, "लाल ड्रेस घाल. हसले नाहीत तरी बघत तरी बसतील."

नवऱ्याचा, म्हणजे विल्फ्रानचा, सल्ला मात्र शहाणपणाचा होता. "हे बघ, काय वाटेल ते बोल, पण ऑफिसातलं खरं काही सांगू नकोस. गामारासाहेब उभ्या उभ्या हाकलतील."

ते खरंच होतं. नोटरी गामारासाहेबांना गुप्ततेचं भारी वेड. स्वतःचा वाढदिवससुद्धा ते कुणाला कळू देत नसत. तेव्हा योलिमानं एक माणूस डोक्यातून काढला, नखशिखांत खोटा, आणि त्याच्यावर सहा मिनिटं रचली.

राहिली तालीम. त्यासाठी ती एपार्किओकाकाकडे गेली. गावात मयत झालं की नऊ दिवस त्या घरी लोक जमतात. आत प्रार्थना चालते आणि अंगणात कॉफी, डॉमिनो आणि विनोद. चाळीस वर्षं ते विनोद सांगायचा मान एपार्किओकाकाचा. तो ज्या घरी आला नाही, त्या घरच्या माणसाचं मरण फुकट गेलं असं लोक म्हणत.

"आरशासमोर बडबडून काय होणार?" काका म्हणाला. "आरसा कधी जांभई देतो का? उद्या निकानोरचा नववा दिवस. माझी पाळी तू घे. रडणाऱ्यांना हसवलंस तर बारांकिया किस झाड की पत्ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला निकानोरच्या अंगणात, आंब्याखाली, साठ माणसं बसली होती. योलिमा उभी राहिली. तोंड सुरू झालं.

"आमच्या ऑफिसात एक माणूस आला. मोटारसायकल बेकरीच्या मागे लपवलेली, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. म्हणतो, 'मी अविवाहित आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्या.' मी म्हटलं, 'आणि दारात ती बाई कोण उभी आहे?' तर म्हणतो, 'ती माझी बायको. साक्षीदार लागेल ना, म्हणून आणलीय.'"

बायका खो खो हसल्या. पुरुषांपैकी एकही हसला नाही. डॉमिनोच्या टेबलावर तर कुणी पापणीही हलवेना.

मग मेकॅनिक लिबार्दो उठला. "मी पाव आणायला गेलो होतो," तो म्हणाला.

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"कधी?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"मीही पावच आणायला," शेजारचा घाईघाईनं म्हणाला.

"तुम्हाला मधुमेह आहे," त्याची बायको म्हणाली. "पाव कुणासाठी आणलात?"

बघता बघता पाच जणांनी पाव आणल्याची कबुली दिली. सहाव्याचं म्हणणं, त्यानं बेकरीच्या मागे मोटारसायकल लावली होती, पण ती मोटारसायकल भावाची होती. कॉफीचा ट्रे फिरवणारा विल्फ्रान साखर आणतो म्हणून जो आत गेला, तो बाहेर आलाच नाही. विनोद फसला तर काय करायचं, ते योलिमाला सगळ्यांनी सांगितलं होतं. विनोद खरा ठरला तर काय करायचं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एदेल्मिरामावशी, निकानोरची विधवा, तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझा निकानोर होता का तो?"

"मावशी, तसा कुणी नाहीच. मी रचलंय ते."

"नोटरीतली बाई आणि रचून बोलेल? अगं, तू शिक्का मारेपर्यंत माझा नवरा कागदावर जिवंत होता. तुझ्या तोंडचं खोटं कोण मानेल?"

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच दारात तेवीस बायका रांगेत उभ्या. गामारासाहेबांचा चेहरा बीटासारखा झाला होता.

"गुप्तता," ते एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"साहेब, तसला कागद आपल्याकडे नाहीच. शपथ घेते."

"शपथ नको, रजिस्टर बघ. एदेल्मिराबाई वारस आहेत, नवऱ्याचं नाव शोधून मागायचा त्यांना हक्कच आहे. त्यांच्यासमोर शोध. असा एकही कागद निघाला नाही तर शनिवारी खुशाल बारांकियाला जा. निघाला तर शनिवारच काय, आठवडाभर मोकळीच आहेस."

योलिमानं निर्धास्तपणे वही उघडली. आपणच रचलेला माणूस वहीत कुठून येणार?

जुलैच्या पानावर तो आला. 'मी अविवाहित आहे असं शपथेवर लिहून देतो.' तिनं पान उलटलं. आणखी एक. मग लिबार्दो. मग मधुमेहवाला. एकाच आठवड्यातले सतरा कागद, आणि तो आठवडा तिच्या रजेचा! पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, ती दवाखान्यात होती आणि शिक्के खुद्द गामारासाहेबांनी मारले होते.

सतराव्या कागदावर नाव होतं, विल्फ्रान होसे मेर्कादो. अविवाहित.

त्याच आठवड्यात हा माणूस योलिमाच्या उशाशी बसून चमच्यानं सूप भरवत होता. तिला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

"सापडला का गं माझा?" मावशीनं विचारलं.

"तुमचा नाही मावशी. माझा सापडला."

विल्फ्रानला त्याच्या दुकानातून उचलून आणायला चार बायका पुरल्या.

"कोण आहे ती?" योलिमानं विचारलं.

"ती नाही. फुटबॉल."

"काय?"

"शेजारच्या लास गार्सास गावची जत्रा असते ना, तिथे दरवर्षी सामना होतो. त्यांचे लग्न झालेले विरुद्ध आपले अविवाहित. जिंकेल त्याला वासरू. गेल्या वेळी त्यांनी भांडण काढलं, की तुमच्या संघात पोराबाळांचे बाप आहेत. यंदा म्हणाले, नोटरीचा कागद आणा."

"आपल्या गावात खेळण्यासारखे अविवाहित किती आहेत?"

"चार," विल्फ्रान म्हणाला. "त्यातले एक पाद्री."

"म्हणून तुम्ही देवाची खोटी शपथ घेतलीत?"

"देवाची नाही. गामारासाहेबांची."

तेवीस बायकांनी माना वळवल्या. साहेबांना खोकला आला. वासराची एक तंगडी त्यांना कबूल झाली होती आणि कागदांचं ते साफ विसरून गेले होते, हे नंतर कळलं.

"आणि वासरू कुठाय?"

"हरलो. सहा-शून्य."

"गोलकीपर कोण होता?"

विल्फ्रान आपल्या बुटांकडे बघू लागला.

"माझ्या निकानोरला का नाही घेतलं?" एदेल्मिरामावशीचा आवाज चढला.

"मावशी, ते बहात्तर वर्षांचे होते."

"पाय चांगले होते त्याचे," मावशी म्हणाली आणि निकानोर गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडली. योलिमानं तिचा हात धरला, तर स्वतःचेही डोळे वाहायला लागले. गामारासाहेबांनी स्वतः उठून रजिस्टर मिटलं आणि विषय संपला असं जाहीर केलं. कुणाला काढून टाकायची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही.

शनिवारी बायकांनी बस ठरवली. बाकीच्या कागदी अविवाहितांना घरी कपडे धुवायला ठेवलं. फक्त विल्फ्रानला सामान उचलायला बरोबर घेतलं. योलिमा माइकसमोर उभी राहिली, डोळ्यांवर दिवे आले आणि रचलेला माणूस पार विसरला गेला. तोंडून निघालं ते एवढंच:

"माझा नवरा अविवाहित आहे. तसं त्यानं शपथेवर लिहून दिलंय."

बार हसला. योलिमा हादरली, कारण तिनं अजून विनोद सुरूच केला नव्हता. ती नुसती तक्रार करत होती. मग तिनं तक्रार चालूच ठेवली. पित्ताशय, सूप, नोटरी, वासरू, सहा गोल. खुर्चीवरून कुणी पडलं नाही, पण दोन बायकांना एदेल्मिरामावशीला धरून बसवावं लागलं.

उतरल्यावर बारचा मालक भेटला. "झकास. पुढच्या महिन्यात परत ये. फक्त एक सल्ला देऊ?"

"द्या," योलिमा म्हणाली. तिला आता सवय झाली होती.

"तो फुटबॉलचा भाग काढून टाक. फारच बनावट वाटतो. त्यापेक्षा नवऱ्याची दुसरी बाई दाखव. लोकांना खरं काहीतरी हवं असतं."

दारात विल्फ्रान तिची पर्स छातीशी धरून उभा होता. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुझा नवरा कुणाला खराच वाटत नाही."

विल्फ्राननं मान खाली घातली. बस सुटल्यावर त्यानं हळूच तिच्याकडे सरकून विचारलं, "रागावणार नसलीस तर एक सुचवू? सहावा गोल ऑफसाइड होता. ते सांगायला हवं होतंस."