भुंड्या वळूची निवड

गुरांतलं मला कळतं. विंडहुक शहरातल्या कत्तलखान्यात मी मांस तपासतो. आकड्याला लटकलेलं अर्धं धूड नुसतं बघून मी जनावराची जात सांगतो, आणि साहेबसुद्धा माझ्या शब्दावर शिक्का मारतात. त्यामुळे बाबांनी मला गावी, ओकाकारारला बोलावून घेतलं तेव्हा आनंद झाला, आश्चर्य मुळीच वाटलं नाही.

"माझे गुडघे गेले," बाबा म्हणाले. "या वेळचा वळू तू निवड. नीट जमलं, तर कळप तुझ्या हातात देतो आणि निवांत मरतो."

मी लगेच जुना वळू विकून टाकला आणि लिलावाला गेलो. सिमेंटल जातीचा वळू देखणा, पण खादाड. बोन्समारा चांगला, पण तो काय, सगळ्यांकडेच असतो. मग दिसला काळा अँगस. रुंद पाठ, भरलेल्या मांड्या! तो रिंगणात फिरत होता आणि मला त्याचे तुकडेच दिसत होते. बोली लावून मोकळा झालो.

ट्रकमध्ये चढवताना माझी बायको मेउंजू त्याच्याकडे बघतच राहिली.

"याची शिंगं कुठायत?"

"या जातीला नसतात. शिंगं कोण खातं?"

"लग्न होऊन तुझ्या घरात आले त्या दिवसापासून मी भुंड्या जनावराला तोंड लावलेलं नाही. माझ्या माहेरी चालायचं, तुझ्या बापाच्या कुळात चालत नाही. आणि तू चक्क एक विकत घेतलास?"

कुळाचा नियम मला लहानपणापासून माहीत होता. पण तो आपल्या गावठी गुरांपुरता, असं मी धरून चाललो होतो. परदेशी जातीला आमच्या कुळाशी काय देणंघेणं, असा माझा शास्त्रीय विचार होता.

गुरांच्या कुंपणासमोर, घराच्या पवित्र अग्नीपाशी बाबा खुर्ची टाकून बसले होते. मी वळू खाली उतरवला.

"याचं तोंड इकडं कर," बाबा म्हणाले.

"तोंड इकडंच आहे, बाबा."

त्यांनी काठीनं वळूच्या कपाळाकडे खूण केली. "मग वरचं कुठं गेलं?"

कुणी हसलं नाही. शेजारी उभ्या आत्यानं आमच्या बायका घालतात ती, दोन्हीकडे गाईच्या शिंगांसारखी टोकं निघालेली टोपी नीट केली. "दादा, पोरगा गुरं बघतो ती मुंडकं उडवल्यावर. वर काय असतं ते त्याला कुठून ठाऊक असणार?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

"मी गेलो की माझे बैल कापाल," बाबा शांतपणे म्हणाले. "त्यांची शिंगं माझ्या थडग्यावर मांडाल. याच्या पोरांचं काय मांडाल? कान?"

मी डोकं लढवलं. शेजारीच माझा मावसभाऊ कावेतुना राहतो. त्याच्या बापाचं कूळ वेगळं, त्याला भुंडं चालतं. वळू त्याच्याकडे ठेवला. मध्ये तारेचं कुंपण होतंच. आता बाबांसाठी सावकाश दुसरा शोधू, म्हणून मी विंडहुकला परतलो, आणि इकडे कुंपण तुटलं. वळूनं नाही तोडलं, तो बिचारा गरीब होता. आमच्या गाईंनी तोडलं. जुना वळू मी विकलेला, दुसरा अजून आणलेला नाही, तेव्हा त्यांनी आपली निवड आपणच केली.

पुढच्या पावसात वासरं झाली. काळीभोर, गुबगुबीत. रोज सकाळी बाबा काठी टेकत जायचे आणि प्रत्येकाच्या कपाळावर, शिंगाचा कोंब फुटतो तिथं, अंगठा फिरवायचे. गुळगुळीत. दुसरं वासरू, तेही गुळगुळीत. दर शनिवार-रविवारी मी गावी यायचो, पण मला तो अंगठा बघवत नसे.

मग वेगळ्या कुळांचे नातेवाईक सांत्वनाला येऊ लागले. आमच्या लग्नालाही न आलेली माणसं चेहरे पाडून यायची, चहा घ्यायची, आणि "तुमच्यावरचा भार जरा हलका करतो" म्हणत एकेक वासरू घेऊन जायची. सर्वांत जास्त दुःख कावेतुनाला झालं, त्यानं चार नेली. पुढं त्यातलं एक कापलं. भाजल्याचा वास कुंपणावरून आमच्या अंगणात आला आणि मागोमाग त्याचा निरोप आला, की मांस अगदी लुसलुशीत आहे, निवड मानली. बाबांनी आंबट दुधाचा पेला संपवला आणि ते आत गेले.

शेवटी एकच वासरू उरलं. एका सकाळी बाबांचा अंगठा त्याच्या कपाळावर थांबला.

"इकडं ये," त्यांनी मला हाक मारली. "बघ. शिंग फुटतंय ना?"

आत्या धावत आली, मेउंजू आली. मी बोट लावलं. केसांखाली गोचीड होती, रक्त पिऊन टम्म फुगलेली. मी बाबांकडे बघितलं. म्हाताऱ्याची एवढी एकच इच्छा, आणि ती मी मातीत घातली होती.

"शिंगच आहे, बाबा."

"नक्की?"

"नक्की. रोजचं काम आहे माझं."

बाबांनी नखानं ती गोचीड उपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिचे पाय हलत होते.

"मेउंजू," ते म्हणाले, "पुढचा वळू तू निवड. कळपही तूच सांभाळ. याला शिंग आणि गोचीड यांतला फरक कळत नाही."

आत्या तोंडावर हात धरून हसली. मग बाबाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वासरं झाल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

मला गोचीड ओळखता येते, हे मी घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.